नववीचा हजेरीपट

शाळेच्या गल्लीत रिक्षा शिरत नाही. शाळा तपासायला निघालेली ती शेवटचं अंतर चालतच गेली. हे गोवंडी. १९२७ पासून कचरा साठवणारा देवनारचा डोंगर जवळच. मुंबईच्या २००९च्या मानव विकास अहवालात गोवंडी ज्यात येतं, तो एम-पूर्व विभाग सर्वांत तळाला होता.

तिच्या हातात ‘शाळा सिद्धी’चा मूल्यमापन-तक्ता, सात क्षेत्रांचा. प्रयोगशाळा, ग्रंथालय, स्वच्छतागृह सगळं त्यात बसतं. पण नववीत हजेरी चालू असताना एका नावाला ‘हजर’ आलं नाही. हजेरी घेणाऱ्या बाई थांबल्या, त्या मुलीच्या शेजारी बसणारीला म्हणाल्या, “तिची आई परत कामाला लागली का गं?” धाकट्या भावाला सांभाळायला मुलगी घरी राहिली होती. मधल्या सुट्टीत बाई तिच्या घरी जाऊन आल्या. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

दहावीचा निकाल सगळेच विचारतात. नववीत आलेल्यांपैकी परीक्षेला बसले किती, हे फारसं कुणी विचारत नाही. कच्ची मुलं आधीच गळाली, तर निकालाचा टक्का आपोआप चढतो. शिक्षण हक्क कायद्याचं कवचही आठवीपर्यंतच. म्हणून तक्ता घेऊन आलेल्या तिच्या लेखी ही शाळा चांगली: इथे गैरहजर मुलीचा शोध घेतला जातो.

शाळा पाहायला जाल, तेव्हा आधी नववीचा हजेरीपट मागा.