ओव्याचा वास

गेल्या हिवाळ्यात ताप आला आणि नाक गेलं. ताप उतरला, नाक परत आलं नाही. कोंबड्यांच्या खाद्यात घालायचा ओवा मी नेहमी तळहातावर चोळून घ्यायचे. वास डोळ्यांपर्यंत गेला तरच पोतं ठेवायचं.

ओव्याच्या दाण्यात तेल जेमतेम २ ते ४ टक्के. त्यातला मोठा हिस्सा थायमॉलचा, आणि आतड्यातल्या जंतूंवर काम करतं ते तेच. पण ते उडतं. दळून ठेवलं की उडतं, पेलेट खाद्य बनवतानाच्या वाफेत उडतं, जुन्या पोत्यात नुसता भुसा उरतो. म्हणून माझ्याकडे घरचाच भरडा. १०० किलोला २०० ग्रॅम ओवा, दर तिसऱ्या दिवशी ताजा दळून. एवढं करूनही पिल्लांच्या मागच्या लॉटच्या पोटात जे गेलं तेवढंच या लॉटच्या गेलं का, हे १४ वर्षांत मला सांगता आलेलं नाही. भरड्यात हळदही असते, तिचं हे दुखणं नाही. कर्क्युमिन उडत नाही, अंगात फारसं शोषलंही जात नाही, आतड्यातच राहतं. आपल्याला ते तिथेच हवं असतं. झोप उडवली ती ओव्यानं.

दारावर ‘शंभर टक्के हर्बल’ बाटल्या येतात. थायमॉल किती, एवढंच मी विचारते. उत्तर मिळत नाही. २०१९ मध्ये खाद्यातल्या कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी आली, ती यायलाच हवी होती. माणसाला शेवटचा उपाय म्हणून राखायचं औषध आपण पिल्लांच्या वजनासाठी उधळत होतो. त्या औषधाच्या जागी आता रंगीत पाणी खपतं, याचा मला संताप येतो.

श्रावणात, लॉटच्या २४व्या दिवशी, सून म्हणाली, “आई, मागच्या कोपऱ्यात डोळे चुरचुरतात.” मी तिथं जाऊन उभी राहिले. मला काहीच जाणवलं नाही. “काही नाही गं,” म्हणाले. पाण्याचा निपल गळत होता, खालच्या तुसाचे गोळे झाले होते. दोन दिवसांनी सकाळी सात पिल्लं मेलेली. एक फाडून बघितलं, तर आतड्याच्या दोन्ही पिशव्या, सीकम, काळपट रक्तानं टम्म. कॉक्सी, म्हणजे कॉक्सिडिओसिस. त्यावरचं औषध, अ‍ॅम्प्रोलियम, कपाटात होतं. तरी दोन दिवस मी ओवाच वाढवत राहिले. औषधाशिवाय लॉट काढणारी बाई म्हणून लोक माझं शेड बघायला येतात, आणि त्याच आठवड्यात कॉलेजची मुलं येणार होती. एवढ्या रक्ताला ओवा पुरत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी पाण्यातून औषध सोडलं, तोवर १८० पक्षी गेले होते. मुलं आली तेव्हा त्यांना हळद दाखवली, ओवा चोळायला दिला. अ‍ॅम्प्रोलियमचं नाव काढलं नाही. सून शेजारीच उभी होती, तीही बोलली नाही.

काल नवं पोतं आलं. चिमूटभर चोळून हात तिच्यापुढे धरला.

“आहे वास. पण मागच्यासारखा नाही.”

“म्हणजे किती कमी?”

तिनं पुन्हा हुंगलं, मागच्या पोत्यातला तळाचा ओवा आणून तोही चोळला. “परत पाठवूया, आई.”

मीही एकदा हात नाकाशी नेला. मग दुकानदाराला फोन लावला.