गाडी कुणाच्या हाती द्यायची?



घरातल्या विम्याच्या फायली, पावत्या, वॉरंटी कार्डं सांभाळायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे. त्यामुळे पावसाळ्यात पुतण्याची मस्टँग घोडबंदर रोडवर दुभाजकाला घासली, तेव्हा तो पॉलिसी घेऊन बोरिवलीला आमच्याकडेच आला. कुणाला लागलं नाही, हे मोठं. पण डावं मडगार्ड चेपलं होतं, बॉनेटची कड उचलली होती आणि बंपर फाटला होता. गाडी 2018 ची, दुसऱ्याकडून घेतलेली, पण त्याच्या स्वतःच्या कमाईची. "काकू, गॅरेज तू ठरव. मला सगळे गुंडाळतात," म्हणाला.

आपल्या घरांतून हल्ली मुलं अशा गाड्या घेतात, म्हणून जे समजलं ते लिहिते. साध्या गाडीलाही यातलं बरंच लागू आहे.

या मस्टँगचं बॉनेट आणि पुढची मडगार्ड अ‍ॅल्युमिनियमची असतात, बाकी अंग बहुतेक पोलादी. अ‍ॅल्युमिनियम सुमारे 660 अंशांना वितळतं, आणि तापल्यावर पोलादासारखं लाल होऊन इशारा देत नाही. नेहमीच्या सवयीने गॅस लावून ठोकलं तर पत्रा हातचा जातो. शिवाय पोलाद घासलेल्या अवजाराचे कण त्यात रुतले की पुढे रंगाखाली गंज आणि फोड येतात. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा: "अ‍ॅल्युमिनियमची अवजारं वेगळी ठेवता का?" आम्ही पाहिलेल्या तीन गॅरेजांपैकी एकाने हसून विषय बदलला. तिथून आम्ही निघालो.

दुसरी गोष्ट रंगाची. रंगाचा कोड दाराच्या कडेच्या स्टिकरवर असतो, पण उन्हात वर्षं काढलेल्या गाडीला नुसत्या कोडचा रंग जुळत नाही. चांगला पेंटर शेजारच्या भागावरही रंग हलका विरवत नेतो. आणि रंग बंद पेंट बूथमध्येच हवा. आपल्या उपनगरातल्या जुलैच्या दमट हवेत, गल्लीत ताडपत्रीखाली मारलेल्या रंगात ओल आणि धूळ अडकते.

तिसरी गोष्ट लांबीची. चेपलेला भाग नीट न काढता वर लांबीचा थर देणं सोपं असतं. पोलादी दारावर रुमालातून लोहचुंबक फिरवून पाहा. जाड लांबी असेल तिथे तो धरत नाही. अ‍ॅल्युमिनियमला मात्र ही परीक्षा चालत नाही. तिथे रंगाआधीचे फोटो मागायचे.

आता माझा आवडता भाग, हिशेब. झिरो डेप नसेल तर पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर विमा कंपनी 40 टक्के घसारा कापते, प्लास्टिक आणि रबरावर 50 टक्के. काचेवर काही नाही. म्हणजे 50,000 च्या मडगार्डचे 30,000 च धरले जातात. 1500 सीसीच्या वरच्या गाडीला 2,000 ची सक्तीची वजावट वेगळी. शिवाय क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो, तो 50 टक्क्यांपर्यंत चढलेला असू शकतो. म्हणून छोट्या ओरखड्याला क्लेम करण्याआधी वही काढा. आणि सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय गाडी उघडू देऊ नका.

दुसऱ्या गॅरेजचं एस्टिमेट सगळ्यांत कमी होतं. त्यांचा माणूस फार गोड बोलला. "मागचा जुना ओरखडाही याच अपघातात दाखवतो, काकू. आणि मडगार्ड वापरलेलं मिळेल, बिल नव्याचं देतो." वापरलेलं कुठून, ते सांगेना. पुतण्या माझ्याकडे बघत राहिला. फरक थोडाथोडका नव्हता, आणि त्याचे हप्ते चालू होते.

कॉलेजात शिकलो होतो, विम्याचा करार परम सद्भावावर उभा असतो. त्याच्या कितीतरी आधी पाठशाळेत शिकलो होतो की खोटा कागद करणं हा सत्याणुव्रताचा अतिचार, आणि चोरीचा माल घेणं, अस्सल सांगून नक्कल देणं हे अचौर्याणुव्रताचे. मी प्रवचन दिलं नाही. एवढंच म्हटलं, "जो तुझ्यासाठी विमा कंपनीला फसवतो, तो तुला का सोडेल?"

गाडी तिसऱ्या ठिकाणी दिली. महाग होतं. त्यांनी भाग-मजुरी-रंग वेगळे लिहून दिले, चॅसी मोजून कागद दिला, आणि मडगार्ड दुरुस्त न करता बदलावंच लागेल हे स्पष्ट सांगितलं. जुना ओरखडा क्लेमबाहेर ठेवला, त्याचं बिल निराळं. फोर्डने भारतातलं उत्पादन बंद करायचं 2021 मध्येच जाहीर केलेलं, त्यामुळे भागासाठी थांबावं लागेल हेही आधीच सांगितलं. तेवढे दिवस पुतण्या लोकलने गेला. जुना ओरखडा अजून तसाच आहे. दिवाळीनंतर पैसे साठले की करू, म्हणतो.

गाडी घ्यायला जाल तेव्हा दिवसाउजेडी जा. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आहेत का पाहा, बॉनेट उघडून लावा, बदललेले जुने भाग दाखवायला सांगा, जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि रंगाची वॉरंटी लेखी मागा. एस्टिमेट कळत नसेल तर मला पाठवा. दुपारी मी मोकळी असते.