आरे-वारेचा सडा आणि हिवाळी पाहुणे

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे किनाऱ्याने निघाले की आरे-वारे लागते. डोंगराच्या दोन अंगांना दोन पुळणी आणि पुढे समुद्र. येणारा प्रत्येकजण समुद्राकडे तोंड करून उभा राहतो. पाठीमागच्या जांभ्या दगडाच्या सड्याकडे कोणी वळून पाहत नाही. नुसता कातळ, तिथे काय बघायचे, असे आपण म्हणतो.

पावसाळा सरला की सड्यावरचे गवत पिवळे पडते, त्यात नाकतोडे माजतात. त्याच सुमारास मध्य आशिया व सायबेरियातले माळ थंडीने गारठतात, किडे मिळेनासे होतात. मग तिकडची पाखरे आपल्याकडच्या गवताळ सड्या-माळांवर उतरतात. काटकीच्या टोकावर बसणारा गप्पीदास, शेपटी वरखाली करीत धावणारा धोबी आणि गवताला लागून संथ तरंगणारा भोवत्या. भोवत्या शिकारी पक्षी खरा, पण रात्री तो उघड्या माळावर, गवतातच मुक्काम करतो. पाठीवर उपग्रहाशी जोडलेले छोटे यंत्र बसवून अभ्यासकांनी त्याचा भारतापासून कझाकस्तानपर्यंतचा परतीचा प्रवास नोंदला आहे. चैत्र संपेपर्यंत ही मंडळी माघारी गेलेली असतात.

विनयपिटकाच्या महावग्गात वर्षावासाची हकीकत आहे. भिक्खू भर पावसात फिरत, त्यांच्या पायाखाली हिरवे गवत व बारीक जीव चिरडत. पाखरेदेखील पावसाळ्यात घरटे करून एका जागी राहतात, मग यांना काय झाले, असे लोक बोलू लागले. तथागतांनी लोकांचे म्हणणे मानले आणि वर्षावासाचा नियम घालून दिला. आश्विन पौर्णिमेला आपल्या विहारांत वर्षावासाची सांगता होते, त्याच दिवसांत हे पाहुणे येऊ लागतात.

पुढे उन्हे तापू लागली की सड्यांना वणवे लागतात. कोणी नवे गवत फुटावे म्हणून काडी लावतो, कोणाची विडी पडते. पाखरांचा निवारा जातो, नाकतोडे जातात, गुरांची वैरणही जाते. उघड्या कातळावरची मूठभर माती पहिल्या पावसात वाहून जाते. याच जांभ्यात मुरलेले पाणी खालच्या वाड्यांच्या विहिरींना मिळते. पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांबरोबर महाडच्या चवदार तळ्यावर गेलेल्या समाजाला पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

तेव्हा यंदा वर्षावास समाप्तीच्या कार्यक्रमात प्रत्येक बौद्धवाडीने सड्याला काडी न लावण्याचा ठराव करावा. दिवाळीच्या सुटीत मुलांना घेऊन पहाटे सड्यावर जावे आणि घटकाभर गप्प बसावे. पाखरे आपणहून दिसतात. पंचशीलातले पहिले शील मुलांना तिथे अधिक लवकर कळेल.