गांठ कीं गुठळी?

पुरावा आधीं आणि निर्णय मागून, हा नियम आम्ही वर्गांत तीस वर्षें सांगत आलों. गेल्या पावसाळ्यांत छावणींतल्या आमच्या मेहुण्यांच्या हृदयांत ‘इको’च्या पडद्यावर एक डोलती सावली दिसली, आणि तो नियम अपुरा पडला.

ध्वनिलहरींनीं हृदय पाहण्याची ही विद्या १९५३ सालीं स्वीडनमध्यें एड्लर व हर्ट्झ यांनीं सुरू केली. परंतु सावली आपलें नांव सांगत नाहीं. तिचें ठिकाण व तिची चाल पाहून तें ओळखावें लागतें. मिक्झोमा ही गांठ बहुधा हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यांत, मधल्या पडद्याला देंठानें लोंबते व दर ठोक्यास झडपेकडे झोका घेते. गुठळी मात्र रक्त तुंबतें तेथें धरते : कप्प्याच्या कोपऱ्यांत, अथवा झटक्यानें निश्चल झालेल्या भिंतीशीं. गुठळीस रक्त पातळ करणारें औषध, गांठीस शस्त्र; आणि तुकडा सुटून मेंदूंत जाण्याचें भय दोहोंकडून सारखेंच.

मेहुण्यांच्या सावलीला देंठ होता. तरी अखेरचा पुरावा सूक्ष्मदर्शकाखालीं, म्हणजे छाती उघडल्यावरच मिळावयाचा! अहवालाची घडी घालीत मेहुणे म्हणाले, “तारीख ठरवून टाका.”

पुढें सूक्ष्मदर्शकानें देंठाची साक्ष खरी ठरविली.