मुल्लानपूरच्या वाटेवर: गावाची तिजोरी कुणाच्या हाती?

चंदीगड पाहायला गेलेले मराठी कुटुंब सहसा सुखना तलाव, रॉक गार्डन आणि गुलाबांची बाग पाहते, सतरा सेक्टरमध्ये खरेदी करते आणि दुसऱ्या दिवशी सिमल्याची वाट धरते. या ठरीव फेरीत एक रस्ता राहूनच जातो. पीजीआय या मोठ्या सरकारी रुग्णालयाजवळून तो वायव्येकडे, शिवालिकच्या टेकड्यांच्या पायथ्याशी असलेल्या मुल्लानपूर गरीबदास या गावाकडे जातो. लुधियानाजवळही एक मुल्लानपूर आहे. ते वेगळे.

अंतर फार तर आठ-दहा किलोमीटर. पण गाव स्वतःचा कारभार स्वतः करते तेव्हा त्याच्या पैशाचे काय होते, आणि तो कारभार हातातून गेला की काय होते, हे या छोट्याशा अंतरात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल.

तीन गावे आणि एक सीमा

पीजीआय मागे पडले की खुड्डा लाहोरा, खुड्डा जस्सू आणि सारंगपूर ही गावे लागतात. शेजारीच 'पटियाला की राव' नावाचा ओढा आहे. पावसाळ्यात तो दुथडी भरून वाहतो आणि एरवी वाळूचा पट्टा होऊन पडलेला असतो. अरुंद गल्ल्या, दुमजली पक्की घरे, दारात बांधलेली एखादी म्हैस, गुरुद्वाऱ्याचे निशाण. दिसायला ही गावेच आहेत, पण कागदोपत्री आता ती गावे नाहीत. डिसेंबर 2018 मध्ये चंदीगडच्या उरलेल्या 13 गावांच्या पंचायती बरखास्त झाल्या आणि ती सारी गावे महापालिकेत सामील झाली. ही तिन्ही त्यांतलीच.

सारंगपूर ओलांडले की केंद्रशासित प्रदेश संपतो आणि पंजाब सुरू होतो. पाट्यांवर गुरुमुखी लिपी दिसू लागते. माती तीच, बोली तीच, गव्हाची आणि मक्याची शेते तीच, सोयरीकही एकमेकांतच. पण इथून पुढच्या खेड्यांना सरपंच आहे, पंच आहेत आणि पंचायतीचे स्वतःचे बँक खाते आहे. पंजाबात ऑक्टोबर 2024 मध्ये पंचायतींच्या निवडणुका झाल्या. त्याआधी 2021 च्या डिसेंबरमध्ये सीमेअलीकडच्या गावांनी मतदान केले होते, ते मात्र 35 प्रभागांच्या महापालिकेतील एका नगरसेवकासाठी.

शहर आले, लाल डोरा उरला

चंदीगड हे शहरच मुळी गावांच्या जमिनीवर उभे राहिले. 1952 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याची कोनशिला बसली आणि ल कार्बूझिए या वास्तुविशारदाच्या आराखड्याप्रमाणे सेक्टर आखले गेले. अनेक गावे त्यात पुसली गेली. त्याच वर्षी एक कायदा करून शहराभोवतीच्या पट्ट्यात परवानगीशिवाय बांधकाम करण्यास बंदी घालण्यात आली. आरंभी हा पट्टा पाच मैलांचा होता, पुढे तो दहा मैलांचा झाला. शहराला श्वास घ्यायला जागा राहावी आणि दूध-भाजी जवळून मिळावी, असा हेतू होता.

गावाच्या जुन्या वस्तीभोवती महसूल खात्याने आखलेल्या रेषेला इकडे 'लाल डोरा' म्हणतात. आपल्याकडच्या गावठाणाची हद्दच म्हणा ना. डोऱ्याच्या आत घरे आणि बाहेर शेती, अशी ती साधी व्यवस्था होती. पण पिढ्या वाढल्या, घरे वाढली, डोरा मात्र तेवढाच राहिला.

मुल्लानपूरच्या बाजूला शहर थोडे उशिरा पोचले. 2006 मध्ये स्थापन झालेल्या 'गमाडा' म्हणजे बृहन्मोहाली विकास प्राधिकरणाने इथे 'न्यू चंदीगड' उभारायला घेतले. ऑगस्ट 2022 मध्ये होमी भाभा कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन झाले. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राने उभारलेले हे 300 खाटांचे रुग्णालय पाहून मराठी माणसाला साहजिकच आपलेपणा वाटतो. महाराजा यादविंद्रसिंग यांच्या नावाचे क्रिकेटचे मैदानही इथेच आहे. मार्च 2024 मध्ये तिथे आयपीएलचा पहिला सामना झाला आणि मुल्लानपूर हे नाव घरोघरच्या टीव्हीवर पोचले.

गावाची दुभती गाय

पंजाबातल्या पंचायतीचे अर्थकारण समजून घ्यायचे तर 'शामलात' हा शब्द माहीत हवा. शामलात म्हणजे साऱ्या गावाच्या मालकीची सामाईक जमीन. 1961 च्या कायद्याने ती पंचायतीच्या ताब्यात आली. दरवर्षी तिचा लिलाव होतो, शेतकरी ती खंडाने घेतात आणि खंडाचे पैसे पंचायतीच्या खात्यात जमा होतात. कसण्याजोग्या शामलातीपैकी एक तृतीयांश जमीन अनुसूचित जातींच्या कुटुंबांना देण्यासाठी राखीव असते. ज्यांच्या नावावर वावभर शिवार नाही, त्यांना वर्षाची ज्वारी नव्हे तरी गहू आणि जनावरांचा चारा मिळवण्याचा तो एक हक्काचा मार्ग आहे.

गल्लीतल्या विटा, सांडपाण्याची गटारे, शाळेची भिंत, धर्मशाळेचे छप्पर असली कामे या पैशातून होतात. याउलट कराचे उत्पन्न नाममात्र असते. घरटी एक 'चुल्हा टॅक्स' आहे खरा, पण तो वर्षाला इतका थोडा की त्याची आठवण बहुधा निवडणुकीच्या वेळीच होते. कारण उमेदवाराला थकबाकी नसल्याचा दाखला जोडावा लागतो.

म्हणूनच या जमिनीवर अनेकांचा डोळा असतो. मुल्लानपूरपासून जवळच छोटी-बडी नग्गल नावाचे ठिकाण आहे. तिथली 2,828 एकर पंचायत जमीन बेकायदा कब्जातून सोडवल्याचे पंजाबच्या मुख्यमंत्र्यांनी 29 जुलै 2022 रोजी स्वतः तिथे जाऊन जाहीर केले. शहरालगतच्या एवढ्या जमिनीची किंमत काय असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. गावाची तिजोरी उघडी राहिली आणि कुणी पाहिले नाही, तर काय होते हे या एका उदाहरणावरून कळते.

दुसरा धोका सरळ मार्गाने येतो. रस्त्यासाठी किंवा नव्या वसाहतीसाठी सरकार शामलात संपादन करते, तेव्हा पंचायतीच्या खात्यात एकदम मोठी रक्कम येते. गाव रातोरात श्रीमंत झाल्यासारखे वाटते. पण खंड म्हणजे गाईचे रोजचे दूध आणि मोबदला म्हणजे गाय विकून आलेले पैसे. ते मुदत ठेवीत ठेवून गावाने व्याजावर भागवले, तर गाय गेली तरी दूध चालू राहते. प्रवेशद्वाराच्या कमानीत आणि समारंभांत ते खर्च झाले, तर पुढच्या पिढीला ना जमीन ना पैसा.

वेगळी चूल, वेगळा खर्च

वाडी मोठी झाली की 'आमची ग्रामपंचायत वेगळी करा' ही मागणी येतेच. ती पंजाबातही आहे आणि आपल्याकडेही. पंजाबच्या 1994 च्या पंचायत कायद्यानुसार दोनशे लोकवस्तीच्या गावालाही स्वतःची ग्रामसभा मिळू शकते. वेगळे होण्याचे फायदे उघड आहेत. अनुदान मोठ्या गावाच्या वाटेने न येता थेट आपल्या खात्यात येते. दिवा आधी कुठल्या गल्लीत लागायचा, हे आपणच ठरवतो.

पण एकत्र कुटुंबातून वेगळे निघालेल्या सुनेला विचारा. चूल वेगळी झाली की मीठ-मिरचीपासून सारे स्वतःचे आणावे लागते. दिव्यांचे आणि पाणीपुरवठ्याचे वीजबिल, सफाई कामगाराचा पगार, कार्यालय, हिशेब, लेखापरीक्षण, सारे नव्या पंचायतीच्या गळ्यात पडते. उत्पन्नाची बाजू काय? रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2024 मध्ये देशभरातील पंचायतींच्या अर्थकारणावर अहवाल प्रसिद्ध केला. 2022-23 मध्ये एका पंचायतीचे स्वतःच्या करांचे उत्पन्न सरासरी अवघे 21 हजार रुपये होते. केंद्राकडून आलेले अनुदान मात्र सुमारे 17 लाख रुपये होते. थोडक्यात, आपली पंचायत म्हणवणारे घर बहुतांशी माहेरच्या पैशावर चालते.

माहेरचा पैसाही अटी घालून येतो. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना 2 लाख 36 हजार 805 कोटी रुपये सुचवले. त्यातला 60 टक्के भाग पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला होता. गावाच्या मर्जीने खर्च करायला उरला 40 टक्के. म्हणूनच ज्या गावाकडे शामलातीसारखे स्वतःचे साधन आहे, तेच खऱ्या अर्थाने आपल्या मर्जीचे मालक.

आपल्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने हेच सिद्ध केले. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथे जुनी आहे. पण 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला, तेव्हा कुठे त्या घोषणेला पैशाचे बळ मिळाले.

सामील व्हावे की वेगळे राहावे?

सीमेअलीकडच्या सारंगपूरकडे पुन्हा पाहू. महापालिकेत गेल्याने गावाला शहराच्या पाणी, मलनिस्सारण आणि रस्त्यांच्या योजनांत वाटा मागता येतो. ही गोष्ट लहान नव्हे. पण पंचायतीची सामाईक मालमत्ता महापालिकेकडे जाते आणि गावची गरज शहराच्या रांगेत जाऊन उभी राहते. 2024 मध्ये चंदीगड महापालिकाच पैशाच्या ओढाताणीत सापडली आणि विकासाची कामे अडली, तेव्हा त्या रांगेत ही गावेही होती.

पुण्याजवळच्या वाचकांना हा अनुभव नवा नाही. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे 2017 मध्ये पुणे महापालिकेत गेली. मिळकतकर वाढला, त्या मानाने सोयी मिळत नाहीत अशी तक्रार सुरू झाली. अखेर दोन्ही गावे बाहेर पडली आणि 2024 मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. आता कर कमी ठेवायचा तर पाणी आणि रस्ते कशातून करायचे, हे कोडे त्यांचे त्यांनाच सोडवायचे आहे. स्वराज्य मिळाले म्हणजे खर्च कमी होत नाही. तो कुणी आणि कशावर करायचा हे ठरवण्याचा अधिकार तेवढा मिळतो.

तो अधिकार वापरण्याची जागा म्हणजे ग्रामसभा. पंजाबच्या कायद्यात वर्षाला दोन सभा सांगितल्या आहेत, एक रब्बीचे पीक निघाल्यावर आणि एक खरिपाचे. किती शहाणपणाची योजना! धान्य घरात आल्यावर घरचा जमाखर्च मांडतात, तसा गावचाही मांडायचा. त्या दिवशी बायाबापड्यांसह सारे गाव येऊन बसले आणि 'शामलातीचा खंड किती आला, कुठे गेला?' एवढे जरी विचारले, तरी गावाची अर्धी राखण होते. आपल्याकडच्या ग्रामसभेतही हाच प्रश्न शोभून दिसेल.

जाताना

दिल्लीहून शताब्दी एक्स्प्रेसने किंवा विमानाने चंदीगड गाठता येते. ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम. हिवाळ्यात गेलात तर मक्याची रोटी आणि सरसोंचा साग चुकवू नका. मुल्लानपूरला जाताना गाडी सावकाश हाका. एका बाजूला उंच इमारती आणि क्रिकेटचे मैदान, दुसऱ्या बाजूला गव्हाची शेते दिसतील. त्यांतले एखादे शेत कुणा एकाचे नसेल, साऱ्या गावाचे असेल. ते ओळखायला कुंपण नाही, पाटी नाही. त्याची नोंद पंचायतीच्या दप्तरात आहे, आणि ती शाबूत ठेवणे गावाच्या हाती.