हंशा कोणाचा?

चार्ली चॅप्लिन यांचें १९६४ सालीं प्रसिद्ध झालेलें आत्मचरित्र आम्हीं नुकतेंच वाचून संपविलें. विनोदी नटाचे रंगभूमीवरील किस्से, म्हणून करमणुकीसाठीं तें हातीं घेतलें. परंतु एका प्रसंगापाशीं थबकलों.

१८९४ च्या सुमारास ऑल्डरशॉटच्या नाट्यगृहांत गातां गातां त्यांच्या आईचा आवाज फुटला. प्रेक्षकांनीं हुर्यो केली. तेव्हां व्यवस्थापकानें पांच वर्षांच्या चार्लीलाच रंगभूमीवर उभें केलें. गाणें अर्ध्यावर आलें तोंच पैशांचा पाऊस पडला. आधीं पैसे वेंचीन, मग गाईन, असें पोरानें जाहीर करतांच हंशा पिकला. पुढें त्यानें निरागसपणें आईच्या फुटक्या आवाजाचीहि नक्कल केली, आणि लोक पुन्हां हंसले!

हास्य व करुण हे परस्परविरोधी रस, असें साहित्यदर्पणकार सांगतात. आम्हीहि तेंच प्रमाण मानीत आलों. शिक्षक असतां एकदां आमचा घसा बसला. एका मुलानें त्याची हुबेहूब नक्कल केली, सारा वर्ग हंसला, आणि आम्हीं त्याला छडी मारली. त्या दिवशीं आम्हीहि हंसलों असतों, तर शास्त्र बुडालें नसतें, आणि त्या पोराचा हात वांचला असता.