केस गेले, ठसका कायम!

आपल्याकडे बाईमाणसाच्या केसांवर कुणीही कॉमेंट करू शकतं. हेअरकट करून ऑफिसात पाऊल टाका, सिक्युरिटीपासून बॉसपर्यंत प्रत्येकाचं मत तयार असतं. ‘कशाला कापलेस गं, छान होते की!’ हे वाक्य मी दर सहा महिन्यांनी ऐकते. तसं टकलाचं आपल्याला वावडं नाही. बाळाचं जावळ काढताना आपण हौसेनं पाहुणे बोलावतो, मुंजीत बटूचा गोटा झाला की फोटो काढतो, तिरुपतीहून तर आख्खं कुटुंब टक्कल करून येतं. तेव्हा टक्कल म्हणजे सेलिब्रेशन! पण तेच टक्कल न बोलावता आलं, तेही सहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर, तर? मग काहींची बोलती बंद होते आणि काहींची नको तितकी सुरू होते.

माझ्या भाचीच्या बाबतीत दोन्ही झालं. (तिचं नाव मुद्दामच लिहीत नाही. मोठेपणी हा लेख तिच्या हाती लागला तर मावशीची खैर नाही.)

२०२४ च्या दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या पहाटे, तिची आजी म्हणजे ताईच्या सासूबाई तिला तेल लावत होत्या. उजव्या कानामागे त्यांचं बोट थांबलं. रुपयाच्या नाण्याएवढा गुळगुळीत गोल. पुरळ नाही, खाज नाही, लाली नाही. कुणीतरी खोडरबरानं तेवढाच भाग पुसून टाकावा तसा. फराळाचे डबे रिकामे होईपर्यंत एकाचे तीन झाले. डिसेंबरात उशीवर केस, कंगव्यात केस, बाथरूमच्या जाळीवर केस. संक्रांत येईपर्यंत अर्ध्याहून जास्त डोकं मोकळं झालं होतं.

‘चाई पडलीय,’ आजींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. चाई हा आपल्याकडचा जुना शब्द. मग उपायांची रांग लागली. कांद्याचा रस चोळा, लसूण घासा, गुंज उगाळून लावा, दृष्ट काढा. (गुंजेचं बी विषारी असतं बरं का! लहान मुलाच्या आसपासही नको.) त्यातच जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यातल्या गावांत अचानक केस गळून लोकांना टक्कल पडल्याच्या बातम्या झळकल्या. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्याचा संबंध रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमशी जोडला. झालं! आमच्याकडे फोनवर फोन. ‘आधी गहू बदला!’ भावजी इंजिनीअर माणूस, पण त्यांनीही गुपचूप पिठाची गिरणी बदलली. बाप घाबरला की त्याची डिग्री कामाला येत नाही.

खरं उत्तर त्वचेच्या डॉक्टरांकडे मिळालं. त्यांनी भिंगातून डोकं पाहिलं, नखांवर बारीक खड्डे आहेत का तेही तपासलं. बुरशी नाही ना, याची खात्री केली. थायरॉइडसाठी रक्त तपासायला सांगितलं. मग नाव सांगितलं, अलोपेशिया अरियाटा. २०२२ च्या ऑस्करमध्ये विल स्मिथनं स्टेजवर जाऊन ख्रिस रॉकला थोबाडीत मारली होती, आठवतं? निमित्त होतं विलची बायको जेडा हिच्या टकलावरचा जोक. तिला अलोपेशियाच आहे.

डॉक्टरबाईंनी ताईला समजावलं ते असं. ‘सोसायटीचा वॉचमन चोरांना अडवायला असतो. एक दिवस त्याचं डोकं फिरलं आणि त्यानं सभासदांनाच गेटवर अडवलं, तर? तसंच झालंय. शरीराच्या सिक्युरिटीनं केसांच्या मुळांना परकं ठरवलंय. पण मुळं मेलेली नाहीत. ती बसलीयत गप्प.’ शंभरातल्या साधारण दोघांना आयुष्यात कधी ना कधी हे होतं. सुरुवात बऱ्याचदा लहानपणीच होते. हे संसर्गजन्य नाही आणि यात दुखत नाही. एखाददुसरा गोल असेल तर पुष्कळदा वर्षभरात केस आपोआप परत येतात. जास्त पसरलं तर मात्र सांगता येत नाही. येतात, जातात, पुन्हा येतात. मोठ्यांना डोक्यात इंजेक्शनं देतात, पण इतक्या लहान मुलांना ती सहसा देत नाहीत, कारण फार दुखतं. गोळ्याही निघाल्यात. अमेरिकेच्या एफडीएनं या आजारासाठी २०२२ मध्ये एक मोठ्यांकरता आणि २०२३ मध्ये एक बारा वर्षांपुढच्यांकरता मंजूर केली. आमच्या बाईसाहेब सहा वर्षांच्या. त्यांच्या वाट्याला आलं लावायचं औषध, आणि थांबणं.

हे थांबणंच ताईला जमेना. ती हिंजवडीत आयटीत आहे. दिवाळीच्या दोन महिने आधीच तिनं कंपनी बदलली होती. नातेवाइकांनी लगेच दोन अधिक दोन केलं. ‘आई दिवसभर घरात नाही, पोरीनं टेन्शन घेतलं.’ हे तोंडावर कुणी म्हणत नव्हतं. फक्त ताईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणत होतं. तिनं राजीनाम्याचा मेल टाइप करून ड्राफ्टमध्ये ठेवला होता. रोज रात्री उघडायची, स्वल्पविराम बदलायची, बंद करायची. पुढच्या व्हिजिटला तिनं डॉक्टरांना सरळ विचारलं, ‘मी घरी थांबले तर?’ डॉक्टर म्हणाल्या, ‘नोकरी सोडून केस येणार असते, तर मी चिठ्ठीवर तेच लिहून दिलं असतं. तुमचं काही चुकलेलं नाही.’ पार्किंगमध्ये येऊन ताई रडली. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदाच. तो ड्राफ्ट त्याच रात्री डिलीट झाला.

पुढची लढाई शाळेत होती. आयांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुजबुज सुरू झाली. ‘आमच्यांना लागणार नाही ना?’ एकीनं तर जागा बदलून मागितली. शाळेनं सर्टिफिकेट मागितलं. ते दिलं. पण सर्टिफिकेट वाचतं ऑफिस. बाकावर शेजारी बसणारं पोर काय वाचणार? मग आम्ही घरी बसून तिला एक वाक्य तयार करून दिलं. ‘मला अलोपेशिया आहे, केस गळतात, पण दुखत नाही आणि तुला होणार नाही.’ तिनं दोन दिवस ते पाठ केलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःची आवृत्ती काढली. ‘माझा वॉचमन येडा झालाय.’ वर्गात ते इतकं हिट झालं, की दोन मुलांनी घरी जाऊन ‘आपला वॉचमन कसा आहे?’ विचारलं म्हणे.

एका रात्री तिनं मला विचारलं, ‘मावशी, दात पडला की सगळे हसतात. केस पडले की सगळे रडतात. असं का?’ मास कॉमची डिग्री आहे माझ्याकडे. लोकांना प्रश्न विचारून पोट भरते. पण याचं उत्तर मला सुचलं नाही. तिचा दात पडणं आम्हाला माहितीचं होतं, केसांचं नव्हतं, एवढंच. तिच्या लेखी दोन्ही सारखंच. घरात जे दुःख भरून राहिलं होतं, त्यात तिचं किती आणि आमचं किती, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. फ्रॉकला मॅचिंग क्लिपा, लग्नातले गजरे, शेपटा... ही सगळी आमची स्वप्नं होती. तिचं दुःख वेगळंच होतं. लोक आधी डोक्याकडे बघतात, मग तिच्याकडे. आणि मोठी माणसं न विचारता टोपी उचलून बघतात.

फेब्रुवारीत गॅदरिंग आलं. कोळी डान्स. मुलींना अंबाडा आणि गजरा. बाईंनी अगदी मायेनं सुचवलं, की विग लावू किंवा मागच्या रांगेत उभी करू. विग आणला. दहा मिनिटांत खाजायला लागला. ‘मागच्या रांगेत मला आई दिसणार नाही,’ हा मुद्दा तिनं स्वतः मांडला आणि उपायही स्वतःच सांगितला. ‘मला मुलांची लाल टोपी द्या.’ पुढच्या रांगेत, नऊवारी आणि लाल कोळी टोपी! दुसऱ्या कडव्याला ती टोपी पडली. तिनं ती उचलली, कमरेला खोचली आणि पुढची स्टेप पकडली. ताई शूटिंग करत होती. त्या व्हिडिओत तिथून पुढे फोन एवढा हलतो, की काहीच दिसत नाही.

तुमच्या आसपास एखाद्या मुलाचे केस असे अचानक जाऊ लागले, तर काही गोष्टी लक्षात ठेवा. प्रत्येक वेळी कारण हेच असेल असं नाही. खवले आणि खाज असेल तर ती बुरशी असू शकते. ती पसरते आणि तिला पोटातून औषध लागतं. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस झडतात आणि पुन्हा येतात. काही मुलं नकळत स्वतःच केस उपटतात. त्यामुळे आधी त्वचेचे डॉक्टर, नंतर कांदा. (खरं तर कांदा भाजीतच बरा.) आणि ‘येतील गं परत’ असं वचन मुलाला देऊ नका. नाही आले तर तुम्ही खोटे ठरता, आणि त्याला वाटतं आपणच कुठेतरी नापास झालो.

आता तिच्या कानामागे लव आलीय. आधी पांढरी आली, मग काळी झाली. माथ्यावर एक गोल भरला, शेजारी दुसरा पडला. आजी अजून तेल लावतात, कारण त्यांना दुसरं काय करावं ते कळत नाही आणि नातीला ते मालिश आवडतं. कांद्याचा रस बंद आहे.

लिफ्टमध्ये, बसमध्ये अशी टोपीवाली मुलगी भेटली तर चुकचुकू नका, उपाय सांगू नका. कितवीत आहेस ते विचारा. सायकल येते का ते विचारा. आणि ती आमचीच निघाली, तर दात किती पडले ते विचारा. पण वेळ हातात ठेवून विचारा. एकेका दाताची स्टोरी पाच-पाच मिनिटांची आहे.